मोरीच्या जाळीपलीकडे

घरातल्या बाईला तेलाचा हिशेब विचारून पाहा. महिन्याला किती लागतं, दिवाळीत किती वाढतं, फोडणीला कोणतं आणि तळणीला कोणतं, सगळं तिला तोंडपाठ असतं. पण त्यातलं किती पोटात गेलं आणि किती मोरीत, असं विचारलं तर ती तुमच्याकडे नुसती पाहत राहील. मोरीची जाळी ही आपल्या संसाराची सीमा. जाळीच्या अलीकडे सगळं लख्ख हवं. पलीकडे काय होतं ते ज्याचं त्यानं बघावं, अशी आपली सर्वांची सोयीची समजूत असते.

मला त्या जाळीपलीकडे बघायला लावलं ते एका नोटिशीनं.

मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून पोळी-भाजी केंद्र चालवतो. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला पाच गाळे आहेत. त्यातल्या एकात सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. ते गेल्यावर २००९ मध्ये आम्ही दोघींनी तिथं शेगड्या मांडल्या. रोजचे साठ-सत्तर डबे, शिवाय सुट्या पोळ्या. शेजारी अण्णांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल, त्यापलीकडे फरसाणवाले शेठ, मग औषधांचं दुकान आणि टोकाला संध्याकाळी सुरू होणारं चायनीज. सणासुदीला एकमेकांकडे फराळाची ताटं जातात, वर्षाकाठी दोन-तीन भांडणं होतात आणि मिटतात. एकूण शेजार चांगला.

२०२२ च्या एप्रिलमध्ये वॉर्ड ऑफिसचा माणूस येऊन पाचापैकी चार गाळ्यांना एकेक कागद देऊन गेला. खाद्यपदार्थांच्या प्रत्येक व्यवसायानं सांडपाण्याच्या जोडणीवर ग्रीस ट्रॅप बसवावा आणि तीस दिवसांत तसं कळवावं, नाहीतर परवान्याच्या नूतनीकरणाचा विचार होणार नाही, असा मजकूर. कागद वाचून अण्णा म्हणाले, "वहिनी, हा खायचा नवा धंदा. महिनाभर थांबा, आपोआप गार पडेल." शेठ म्हणाले, "आमचं तर सगळं कोरडं काम. तेल कढईत राहतं, मोरीत कुठं जातं?" चायनीजवाल्यानं तो कागद गाडीखाली पाट्याला चिकटवला आणि विसरून गेला.

आमच्या ह्यांचा स्वभाव वेगळा. बँकेत नोकरी झाल्यामुळे कागद आला की तो दोनदा वाचायचा आणि फाइलला लावायचा, ही सवय. ते म्हणाले, "नियम आहे ना, मग आधी काय आहे ते समजून तरी घेऊ." त्यांनी आमच्या नेहमीच्या प्लंबरला बोलावलं.

प्लंबरनं काही तांत्रिक सांगितलं नाही. त्यानं विचारलं, "ताई, रात्रीची आमटी फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी वर काय दिसतं?" मी म्हटलं, "तेलाचा तवंग. थंडी असली तर गोठलेला." "बस, एवढंच आहे," तो म्हणाला, "ट्रॅप म्हणजे आमटी थंड करायची पेटी."

खरोखरच ते तेवढंच आहे. भांडी घासायच्या मोरीतून येणारं पाणी गरम असतं, त्यात साबण असतो, त्यामुळे तेल त्यात मिसळून गुमान वाहत जातं. डोळ्यांना ते गढूळ पाणीच दिसतं. हे पाणी थेट गटारात न सोडता आधी एका पेटीत अडवायचं. पेटीत पडदे घातलेले असतात. पाण्याचा वेग मरतो, ते निवतं. भाताची शितं, कणकेचा चिकटा, भाजीचे तुकडे तळाशी बसतात. तेल पाण्याहून हलकं, ते वर तरंगतं. मधलं, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी तेवढं पुढं जातं, कारण बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड वर नसून खाली पाण्यात बुडवलेलं असतं. वरचा थर आणि खालचा गाळ आपण वेळच्या वेळी काढायचा. विजेची गरज नाही की यंत्र बिघडायची भीती नाही.

आमच्या मोरीखाली बसेल अशी स्टीलची पेटी साडेनऊ हजारांना पडली. धाकटीचा चेहरा उतरला. त्याच महिन्यात तिच्या मुलाची क्लासची फी भरायची होती. "ताई, एवढ्या पैशांत नवा मिक्सर आणि वर दोन मोठी पातेली आली असती," ती म्हणाली. ते खरंच होतं. ग्रीस ट्रॅपनं पोळी मऊ होत नाही की डब्यांची संख्या वाढत नाही. जो खर्च गिऱ्हाइकाला दिसत नाही, तो छोट्या धंद्याला नेहमीच जड जातो.

पेटी बसली. पहिल्या शनिवारी झाकण उघडलं तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. आम्ही तळणीचं काम फारसं करत नाही. भाजीची फोडणी, पोळीला लावायचं तेल, कधीमधी भजी, एवढंच. तरीही सात दिवसांत अर्धी बादली भरेल एवढा राखाडी, दहीकाल्यासारखा थर जमला होता. धाकटी म्हणाली, "ताई, हे एवढं सगळं आपलं?" हे शेजारी उभे होते. म्हणाले, "तेल तर डब्याच्या हिशेबात धरलेलंच होतं. फक्त ते कुठं जातं तो रकाना आपल्या वहीत नव्हता."

त्या रात्री ह्यांनी आणखी एक हिशेब केला. आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे. त्याखालच्या नियमांत सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा ठरवून दिलेली आहे. तेल आणि वंगण लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. हे आकडे ऐकून आपल्याला काही बोध होत नाही, म्हणून त्यांनी चमच्यात मोजलं. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. म्हणजे एका चमच्याला ही मर्यादा गाठायला सव्वादोनशे लिटर पाणी लागतं! एक मोठं पिंप भरून वर आणखी बादलीभर. कढईच्या बुडाशी जे "एवढंसं" राहतं, ते चार-पाच चमचे तरी असतं. ते विसळून टाकलं तर पाच पिंपं पाण्याचा कोटा आपण एका कढईत संपवला.

आता मुख्य गोष्ट सांगते.

बाकीच्या तिघांनी काही पेटी बसवली नाही. महिना उलटला, दोन उलटले. तपासायला कोणी आलं नाही. अण्णा मला चिडवायचे, "काय वहिनी, पेटीतून लोणी निघतं का?" मीही हसायचे. ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, शेठकडे रात्रंदिवस कढया चालू होत्या. अण्णांकडेही गर्दी. त्या शनिवारी रात्री नऊच्या सुमारास सोसायटीच्या फाटकाजवळचं चेंबर तुंबलं. पाणी आधी झाकणातून वर आलं. मग तळमजल्यावर मागच्या बाजूला राहणाऱ्या नाना-काकूंच्या न्हाणीघरात ते उलटं भरू लागलं. नानांना पक्षाघात झालेला, ते अंथरुणाला खिळलेले. काकू एकट्या कुंच्यानं पाणी ढकलत होत्या आणि ते पुन्हा येत होतं. वास तर विचारू नका.

सोसायटीचे अध्यक्ष धावत आले. त्यांनी नेहमीच्या ठेकेदाराला फोन केला. अर्ध्या तासात दोघं जण आले. बांबूच्या लांब कामट्या घालून त्यांनी बराच वेळ हिसके दिले, पण आत काही हलेना. मग त्यातल्या तरुण मुलानं शर्ट काढून गेटवर टाकला आणि कमरेला दोर बांधायला सुरुवात केली. दुसऱ्यानं दोराचं टोक हाताला गुंडाळलं. तोंडावर काही नाही, हातात मोजे नाहीत, पायात काही नाही. मुलगा माझ्या धाकट्या मुलाएवढा असेल.

मला एकदम बातमी आठवली. २०१९ च्या जूनमध्ये बडोदे जिल्ह्यात डभोईजवळच्या एका हॉटेलात सेप्टिक टाकी साफ करताना सात जण गुदमरून मेले होते. एक आत उतरला तो वर आला नाही, म्हणून त्याच्या मागोमाग बाकीचे सफाई कामगार उतरले. तेही येईनात म्हणून हॉटेलातलेच नोकर मदतीला गेले. चार सफाई कामगार आणि तीन हॉटेलचे नोकर. बडोद्याला माझी आत्येबहीण असते. तिनं फोनवर सांगितलं होतं, त्या दिवसापासून तिला बाहेरचं जेवण जात नाही.

मी म्हटलं, "कुणी आत उतरायचं नाही."

अध्यक्ष म्हणाले, "अहो वहिनी, दर वेळी हाच उतरतो. पाच मिनिटांचं काम असतं त्याचं."

"दर वेळी वर येतो म्हणून आपल्याला ते पाच मिनिटांचं वाटतं," मी म्हटलं.

तो मुलगाच मला समजावू लागला. "मावशी, काही होत नाही. नाक दाबून जातो नि येतो. आणि मी नाही उतरलो तर साहेब उद्या दुसऱ्याला आणतील. पैसे त्याला जातील."

त्याचं चुकत नव्हतं. आणि माझ्या विरुद्ध बोलणारेही वाईट नव्हते. वीस बिऱ्हाडांची सोसायटी, रात्रीची वेळ, दुसऱ्या दिवशी रविवार, जेटिंगची गाडी सोमवारी सकाळशिवाय मिळणार नाही असं कळलेलं. तोपर्यंत कुणी नळ सोडायचा नाही, आंघोळ करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत? आणि नाना-काकूंचं काय? धाकटी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, उद्या रविवारचे नव्वद डबे आहेत आणि देशपांडे वाड्यातली सत्यनारायणाची ऑर्डर. ॲडव्हान्स घेतलाय आपण." मला तिचा राग आला नाही. तिला घर चालवायचं होतं, मलाही चालवायचंच होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "नानांना आपल्याकडे वर घेऊ. बाकीचं सकाळी बघू."

चौघांनी मिळून नानांना खुर्चीसकट पहिल्या मजल्यावर आमच्याकडे आणलं. काकू सारख्या म्हणत होत्या, "आमच्यापायी तुम्हाला केवढा त्रास." ह्यांनी त्या दोघांच्या हातावर त्यांची रात्रीची पुरी मजुरी ठेवली. अध्यक्षांनी तोंड वाकडं केलं खरं, पण निम्मे पैसे त्यांनीही दिले. मग तो मुलगा आमच्या गाळ्याच्या पायरीवर चहा पीत बसला आणि त्यानं एक गोष्ट सांगितली. ती मी कधी विसरणार नाही.

"मावशी, संडासची लाइन परवडली. हॉटेलची लाइन म्हणजे मेण. बांबू घातला तर रुततो आणि तसाच वर येतो. पाय ठेवला तर सरकतो. आणि त्या मेणाखाली गॅस दाबून बसलेला असतो. ढेकूळ फोडलं की एकदम अंगावर येतो."

हा गॅस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. अन्नाचा गाळ हवेशिवाय कुजला की तो तयार होतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की तो माणसाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास गेला, म्हणजे गॅस गेला असं उतरणाऱ्याला वाटतं. तीच त्याची फसगत.

रविवारी सकाळी नव्वद डब्यांच्या लोकांना फोन केले. ऑर्डरचा ॲडव्हान्स परत दिला. कुणी समजून घेतलं, कुणी दोन शब्द सुनावले, चार जणांनी कायमचे डबे बंद केले. पण एका वसतिगृहातल्या मुलींनी उलट विचारलं, "काकू, तुमच्याकडे पाणी नाही तर तुम्ही काय जेवताय?" सोमवारी अकराला जेटिंगची गाडी आली. पाण्याचा जोरदार मारा करून तिनं ती लाइन मोकळी केली. बाहेर आलं ते पाहायला सगळी सोसायटी गॅलरीत उभी होती. पांढुरकी, खडूसारखी टणक ढेकळं. काही तर नारळाएवढी. अण्णा, शेठ, चायनीजवाला, सगळे खाली उभे होते. कोणाचं ढेकूळ कोणतं, ते अर्थातच कुणाला ओळखता आलं नसतं.

तेल तर पातळ असतं, मग त्याचा दगड कसा झाला, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर आपल्या आजीला माहीत असलेलं आहे. तेल आणि क्षार एकत्र आले की साबण होतो. गटारात तेलातली आम्लं सुटी होतात आणि पाण्यातल्या व सिमेंटमधल्या कॅल्शियमशी त्यांचा संयोग होतो. त्याचा जो साबण बनतो तो फेस न देणारा, पाण्यात न विरघळणारा, नळीच्या अंगाला घट्ट धरणारा. मोरीत उकळतं पाणी ओतलं की तेल निघून जातं, हा आपला भ्रम आहे. ते फक्त पुढं सरकतं. आपल्या नळीऐवजी ते शेजाऱ्याच्या नळीत नाहीतर रस्त्याखाली जाऊन गोठतं.

हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात असाच एक गोळा सापडला. लांबी अडीचशे मीटर, वजन सुमारे १३० टन. तो फोडून काढायला कित्येक आठवडे लागले आणि २०१८ मध्ये त्याचा तुकडा तिथल्या संग्रहालयात काचेआड मांडला गेला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ती भक्कम गटारंही तेलापुढं हरली. मग आपल्या सहा इंची नळीची काय कथा!

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. ह्यांनी फाइलमधले कागद वाचून दाखवले. गटारात माणूस उतरवून असं धोकादायक काम करून घेणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलेलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये गटारात मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या घरच्यांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. (पुढं ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयानं ही रक्कम तीस लाख केली.) सभेत शांतता पसरली. मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे त्या रात्री काही झालं असतं तर मी आत गेलो असतो." कोणीतरी हसलं, पण ते स्वतः हसले नाहीत.

अण्णांनी मग मनातली गोष्ट सांगितली. "वहिनी, मला नियम नको होता असं नाही. माझा गाळा भाड्याचा. आत उभं राहायला जागा नाही, पोरं मागच्या बोळात भांडी घासतात. पेटी ठेवू कुठं? आणि मालक म्हणतो, फरशी फोडायची नाही." नियम सगळ्यांना सारखा असतो, पण जागा सगळ्यांकडे सारखी नसते. नोटीस लिहिणाऱ्यानं अण्णांची मोरी पाहिली नव्हती. शेवटी मागच्या बोळात तिघांसाठी एक मोठी सामाईक पेटी बसवायची, खर्चाचा वाटा ज्याच्या-त्याच्या भांड्यांच्या कामाप्रमाणं उचलायचा आणि गाळ्यांच्या मालकांनी तिसरा हिस्सा द्यायचा, असं ठरलं. ठरायला तीन सभा आणि एक भांडण लागलं, पण दिवाळीच्या आत पेटी बसली.

खरा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. पेटी साफ कोण करणार? शेठ सहज म्हणाले, "त्यात काय, झाडूवाल्या पोराला दोनशे रुपये देऊ, तो काढेल." सगळ्यांना ते पटलं. तशीच आपल्याला सवय आहे. घाण आपली, पण हात दुसऱ्याचा. तो दुसराही ठरलेल्या जातीचा, ठरलेल्या वस्तीतला. मग मी विचारलं, "कढई आपण घासतो ना? मग कढईतलंच तेल पेटीत आल्यावर ते लगेच दुसऱ्या कोणाचं कसं होतं?"

यावर उत्तर कोणाजवळ नव्हतं. पहिल्या शनिवारी आमचे हे रबराचे हातमोजे आणि नाकाला फडकं बांधून बसले. धाकटीला हसू आवरेना. दुसऱ्या शनिवारी अण्णा स्वतः आले. आता पाळ्या ठरलेल्या आहेत. पेटीच्या झाकणाजवळ एक वही लटकवलेली आहे. तारीख, वरचा थर किती, तळाचा गाळ किती, आणि काढणाऱ्याची सही. थर आणि गाळ मिळून पेटीच्या खोलीचा चौथा हिस्सा भरायच्या आत ती साफ करायची, हा ठोकताळा पुष्कळ ठिकाणी पाळतात. तो आम्हीही पाळतो. त्यापुढं गेलं की पेटी नुसती शोभेची राहते आणि तेल सरळ वाहून जातं.

हे मुद्दाम सांगते, कारण नियम असला तरी पुष्कळ ठिकाणी तो कागदावरच पाळला जातो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तपासणी यादीत सांडपाण्याच्या मार्गावर वंगण आणि झुरळं अडवणारे सापळे असावेत, असा मुद्दा आहे. परवाना हवा म्हणून पेटी आणून ठेवतात, तपासणीच्या दिवशी दाखवतात आणि वर्षभर झाकण उघडत नाहीत. न उघडलेली पेटी ही पेटी नसल्यापेक्षा वाईट. विशेषतः मोठ्या हॉटेलांच्या जमिनीखालच्या टाक्या. महिनोन् महिने साठलेल्या गाळात तोच विषारी गॅस तयार होतो आणि मग ती साफ करायला पुन्हा कोणालातरी खाली उतरवलं जातं. म्हणजे ज्याच्यासाठी सापळा केला, तोच त्यात सापडतो. अशा टाकीत कोणीही कधीही उतरू नये. ती वरूनच, सक्शनच्या गाडीनं उपसून घ्यावी.

आता थोडं घरच्या मोरीबद्दल. घरोघरी पेटी बसवायची गरज नाही. कढई, तवा, लोणच्याची वाटी धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राच्या कपट्यानं किंवा उरलेल्या पोळीच्या तुकड्यानं पुसून घ्यावी. पोळीचा तुकडा ओल्या कचऱ्यात जातो आणि निम्मं तेल तिथंच अडतं. खरकटं झारून मगच ताट मोरीत ठेवावं. मोरीला बारीक जाळी असावी. तळणीचं उरलेलं तेल कधीही मोरीत किंवा संडासात ओतू नये. ते थंड झाल्यावर बाटलीत भरून ठेवावं. वारंवार तापवलेलं तेल तब्येतीलाही वाईट. जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं तळणीच्या तेलातल्या घातक घटकांना पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना सुरू केली. अण्णा आणि शेठ आता कढईतलं जुनं तेल डब्यात साठवून अशा गोळा करणाऱ्यांना विकतात. पेटीतला थर मात्र वेगळा. तो विकायचा नसतो. आम्ही तो लाकडाच्या भुशात कालवून, घट्ट बांधून कचऱ्याच्या गाडीत वेगळा देतो.

आमचे बंद झालेले चार डबे परत आले नाहीत. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? त्या महिन्यात आम्हा दोघींच्या हाती नेहमीपेक्षा सहा-सात हजार कमी पडले आणि धाकटीच्या मुलाची फी ह्यांच्या पेन्शनमधून गेली. पण तेव्हापासून फाटकाजवळचं चेंबर एकदाही तुंबलेलं नाही. नाना २०२४ मध्ये गेले. शेवटपर्यंत ते त्यांच्याच खोलीत, कोरड्या फरशीवर होते.

तो मुलगा पुढं एकदा दिसला. दुसऱ्या कुठल्यातरी ठेकेदाराच्या जेटिंगच्या गाडीवर होता. पायात गमबूट, हातात मोजे. सिग्नलला गाडी थांबली होती. त्यानं ओळखलं, हात वर केला. मी विचारलं, "आता उतरावं लागत नाही ना?" तो म्हणाला, "गाडी असते तेव्हा नाही, मावशी. पण गाडी सगळीकडे जात नाही." सिग्नल सुटला आणि तो गेला.

तुमच्या गल्लीतल्या हॉटेलात कधी जाल, तेव्हा हॉटेलवाल्याला सहज विचारा, "तुमच्याकडे ग्रीस ट्रॅप आहे का, आणि मागच्या वेळी कधी साफ केला होता?" आमच्याकडे कोणी विचारलं तर आम्ही वही दाखवतो. आतापर्यंत दोघांनीच विचारलं आहे.